आरशावरची बोटं

— न्हाई, खोक्यात घालू नका एवढ्यात. असू द्या जरा माझ्या मांडीवर. मीच फोन करून तुमाला नांदेडहून बोलावलं, मीच पाना लावून दुर्बिणीच्या बुडातून आरसा काढला, आन आता मीच धरून बसलो — तुमाला वाटंल म्हातारा यडा झाला. तसं न्हाई सर. देणार हाय. त्यासाठीच तर बोलावलं. पर इकडं सावलीला सरका, सतरंजी वढून घ्या, अंगणात हळद वाळू घातलीय तिच्यावर तेवढा पाय पडू देऊ नका. परवाच शिजवून काढली. या दिवसांत कुरुंद्यात घरोघरी हाच वास, आमाला तर आता येत बी न्हाई. पारुबाई चहा करायलीय. शेजारीण हाय आमची. घरात बाईमाणूस न्हाई म्हणल्यावर पाव्हणा आला की तिलाच हाक मारावी लागते.

हे बघा, असा तिरपा धरला की दिसतं. हे पिवळट — ही हळद. आन हे खाली तांबूस — हे कुंकू. फिकं पडलंय, पर बोटाच्या रेघा बघा की, उमटल्या तशाच्या तशा हायेत. प्रियाची आई. आमची कारभारीण, शालूबाई. चार वरसं झाली तिला जाऊन — हात लावू नका. म्हणजे — माफ करा सर, तुमी कशाला लावताल, तुमी तर ह्यातले जाणते. तोंडातून निघून जातं. ह्या घरात आरशाजवळ कुणी आलं की आमी आधी हेच म्हणतो.

प्रिया तुमाला ठाऊक नसंल, तुमी नवे. प्रियदर्शनी. तुमच्याच कॉलेजात होती, तुमच्या थोरल्या सरांच्या हाताखाली. तवा आपला जिल्हा परभणीच होता, हिंगोली मागून झाला. त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला तो शेपटीचा तारा निघाला होता, मावळतीकडं, बिनाचष्म्याचा दिसायचा — अख्खं गाव वर मान करून. लोक म्हणायले, काहीतरी इपरीत होणार. आन आमची पोरगी सुट्टीला आली ती दोन काचेच्या चकत्या घेऊनच. वीतभर. म्हणली, आबा, मी दुर्बीण करणार. मी म्हणलं, अगं दुर्बीण बाजारात मिळते. म्हणली, मिळते, पर लई महाग, आन आमचे सर म्हणतात स्वतः घासलेल्या आरशातनं बघायची मजाच येगळी. मला वाटलं होतं दुर्बीण म्हणजे नळी आन भिंगं. तर न्हाई — हिच्यात खाली बुडाला आरसा, किंचित खोलगट, वरून आलेला उजेड तो गोळा करतो आन डोळ्याकडं पाठवतो. मला समजंना. मग ती म्हणली, आबा, पावसात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी मिळतं, परात ठेवली तर परातभर. आपल्या डोळ्याचं भोक तुरीच्या डाळीएवढं, त्याच्यात मावंल तेवढाच चांदणीचा उजेड जातो. आरसा ताटलीएवढा. ताटलीभर उजेड धरायचा आन डाळीएवढ्या भोकात वतायचा. बराबर सांगितलं ना? व्हय, तिचं सांगणं तसंच होतं, लहानपणापासून.

मग चाललं घासणं. हळद शिजवायच्या कढईशेजारी लोखंडी टाकी असती ना, ती दगडं भरून उभी केली, एक काच टाकीवर पक्की बसवली, तिच्यावर बारीक खरखरीत पूड आन पाणी, आन वरून दुसरी काच, आरसा व्हायची ती. पुढं ढकलायची, मागं वढायची, काच जराशी फिरवायची, आन टाकीभवती एक पाऊल सरकायचं. की पुन्हा तेच. सकाळ न्हाई, दुपार न्हाई — खर्र खर्र खर्र. शेजारी म्हणायले, तातेराव, पोरगी कशाला टाकीला फेऱ्या घालून राहिली? आन प्रियाची आई — ती आधी लई करवादली, उन्हात पोर काळी पडायलीय म्हणून. मग आठ दिवसांनी बघतो तर तांब्या घेऊन तीच बाजूला उभी. पाणी वतायला. म्हणली, जात्याचंच काम हाय हे, वरचं फिरवायचं, खालचं धरायचं. खालच्या काचेला पाणी कमी पडलं तर आवाजावरून वळखायची. काय करायलेत हे तिला कळत न्हवतं, पर घासताना कुठं चुकलं तर कळायचं.

आन शेवटी शेवटी — हे ध्यानात धरा सर, ह्याच्यावरच सगळं हाय — शेवटी खरखरीत पूड बंद झाली आन लाल पूड आली. चकाकी आणायला. लालभडक, अगदी कुंकवासारखी. महिनाभर त्या काचेला लाल पूड लावायची, घासायची, धुवायची, पुन्हा लावायची. प्रियाच्या आईच्या डोळ्यासमोर सगळं. मंग पावसाळा सरताना आरसा मुंबईकडं गेला, मुलामा चढवायला, काचेवर चांदीसारखा पातळ थर देतात तो, आन दसऱ्याच्या तोंडावर परत आला. कापसात गुंडाळलेला. प्रियानं खोकं उघडलं आन आमी तिघं बी वाकलो. घरात एवढं लखलखीत काही कधी आलंच न्हवतं. तिनं सांगितलं, व्हय, सांगितलं होतं की जपा म्हणून. पर जपा म्हणली. हात लावू नका असं न्हाई म्हणली. आन ती गेली वसमतला, दुर्बिणीचा पाईप कापून आणायला.

दुसऱ्या दिशी खांडेनवमी. तुमच्याकडं बी असंल — हत्यारं पुजायची. आमच्यात घोंगडी अंथरून तिच्यावर सगळं मांडायचं, विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, हळद काढायच्या कुदळी. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला त्या दिशी काम न्हाई, मान. मी अंघोळ करून आलो तर मधोमध — फाळाच्या बी पुढं — प्रियाचा आरसा. तोंड वर करून. प्रियाची आई म्हणली, हे माझ्या पोरीचं हत्यार हाय. सर, आमच्या ह्या घोंगडीवर पोरीबाळीचं काही कधी मांडलं न्हवतं. माझ्या आईचं विळा-खुरपं असायचं, पर ते घराचं म्हणून. हिनं पोरीच्या नावानं मांडलं. आन बोट भिजवून हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. महिनाभर लाल पूड खाल्लेली काच, तिला कुंकवाचं काय — मला काही वाकडं दिसलं न्हाई. मी बी हात जोडले.

संध्याकाळी पोरगी आली.

काय सांगू. आधी तिला कळंचना. मंग खालीच बसली. म्हणली, आई, हे काय केलंस तू. माझं वरीस गेलं, आई. प्रियाची आई गोंधळली, पदर घेऊन पुसायला वाकली, तशी प्रिया वरडली, हात लावू नको, आणखी खराब होईल — तुला काही कळतं का, अडाणी ते अडाणीच. असं म्हणली. पोरगी वाईट न्हाई हो सर, तुमी तसं मनात आणू नका. सहा-सात महिन्यांची मेहनत होती, हाताला फोड आले होते तिच्या. रागाचा माणूस काय बोलंल. पर प्रियाची आई वाकलेली होती ना, पदर हातात — ती सरळ झाली. मग पदर सोडला आन चुलीकडं गेली. सकाळी पोरगी आरसा घेऊन नांदेडला गेली. हिनं डबा भरून दिला. तिनं घेतला.

दिवाळीला आली ती हसतच आली. नळी जोडली, आरसा बसवला, डाग हाय तसाच. आमी काही इचारलं न्हाई, ती काही बोलली न्हाई. मला वाटलं, पुसता येत न्हाई म्हणून पोरीनं चालवून घेतलं. प्रियाच्या आईला बी तेच वाटलं — खराब झालेलंच वापरून राहिली बिचारी, आपल्यामुळं. आन काय लोटलं गाव, काय सांगू. दिवस बुडाला की अंगणात रांग. शनी दाखवला तिनं — तो शनी, ज्याला आमी तेल वाहतो, ज्याच्या नावानं माणसाचे हातपाय गळतात — इवलासा, कडं घातलेला, गोजिरवाणा. नरसिंगबुवा, मारुतीच्या देवळातले, त्यांनी तीनदा डोळा लावला. गुरूच्या बाजूला चार बारके ठिपके एका रेघेत. ते त्याचे चंद्र म्हणली, रोज जागा बदलतात. लोकांनी दुसऱ्या दिशी येऊन बघितलं, तर खरंच बदललेले. ह्या अंगणात, सर. इथं जिथं हळद पसरलीय तिथंच तिपाई असायची.

प्रिया आईला हाक मारायची. आई, ये की, तू तर बघच. ही म्हणायची, भाकरी टाकायलेय. हात ओले हायेत. मागून बघते. पोरीच्या ध्यानात आलं असंल, न्हाई असं न्हाई — दोन-चारदा मनधरणी केली, मंग सोडून दिली. तिला आजून वाटतं, आईचा राग गेला न्हाई. मागल्या उन्हाळ्यात बी म्हणली मला, आबा, अख्ख्या गावानं बघितलं, माझ्या आईनं तेवढं बघितलं न्हाई.

बघितलं हो.

बघितलं तिनं. म्हणजे — हे कुणाला सांगायचं न्हवतं. तिनंच शपथ घातली होती. आता तुमी परके म्हणून — असू द्या. पुढच्या वरसाच्या उन्हाळ्यात. प्रिया परीक्षेला नांदेडला, दुर्बीण अंगणात पोतं टाकून उभी. दिवस नुकता बुडलेला, आन डोईवर अर्धा चंद्र. मी पोतं काढलं, म्हणलं, चल, कुणी न्हाई, बघून घे. ती आली. दोन्ही हात पाठीमागं धरून आली, लेकरू येतं तसं, आन म्हणली, हात लावत न्हाई, नुसता डोळा लावते. मला काय दुर्बीण धरता येतीय? नळीच्या अंगावरून नेम धरून कसातरी चंद्र आणला. ती वाकली. लई येळ वाकून होती. मला वाटलं हिला आवडलं. मग हळूच म्हणली, अवं — दिसायलीत की माझी बोटं.

मी म्हणलं, काय? म्हणली, बघा तुमी. मी बघितलं. दिसली. खरंच दिसली सर. चंद्र असा पांढराशुभ्र, कडेला उजळ, आन त्याच्यावर ते काळसर — एक बाजूला एकटंच, लांबट गोल, बराबर बोटाच्या शेवटाएवढं, आन दुसरं त्याच्याहून मोठं, फासटल्यासारखं. एक हळदीचं, एक कुंकवाचं. चंद्रावर डाग असतात हे काय आमाला ठाऊक न्हाई? ससा म्हणतो आपण. पर ते नुसत्या डोळ्यानं. हे येगळंच होतं, हे असं ठसठशीत, बोट टेकवल्यासारखं. ती म्हणली, म्हणजे गावातलं जे माणूस येऊन डोळा लावतं, त्याला आधी माझी बोटं दिसतात. लोक भले, म्हणून बोलत न्हाईत. पोरगी भली, म्हणून ती बी बोलत न्हाई. आन मला म्हणली, माझ्या गळ्याची आण, मी बघितलं हे प्रियाला कळू देऊ नका. तिला वाटंल आईला सगळं कळलं, तिला लई तकलीफ होईल.

त्या दिशीपासून काय झालं, चांदणं पडलं आन अंगणात माणसं जमली की ही गोठ्यात. बाया हाका मारायच्या, शालूबाई, ये की गं, पोरीचं कौतुक बघ. ही म्हशीपाशी बसून राहायची. मी जायचो, म्हणायचो, चल. म्हणायची, तुमी जा, मला त्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाई. लोक दुर्बिणीवरचा डोळा काढून हसत हसत मागं वळायचे ना, ते तिला आपल्यालाच हसल्यासारखं वाटायचं. मग पोरीचं लग्न झालं, पुण्याला गेली, दुर्बीण इथंच राहिली. आन पाठोपाठ हिच्या पोटात गाठ निघाली. प्रियाला तवा सातवा महिना. नांदेडच्या दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, आवाज पार बारीक झालेला — मी कान नेला तोंडापाशी, तर काय मागावं तिनं? म्हणली, तेवढा आरसा धुऊन आणा. प्रियाचं लेकरू मोठं होईल, चंद्र बघंल. त्याला माझी बोटं दिसू नयेत.

म्हणून फोन केला. नात चार वरसांची झाली आता, उन्हाळ्यात यायचीय, टाचा उंच केल्या की डोळा पुरंल. आता धुतला पायजे. शब्द दिलाय मी. — कसं करतात हो ते? औषधाच्या पाण्यात बुडवतात? आन मुलामा सगळाच निघतो, नुसता डाग न्हाई काढता येत? — न्हाई, तसंच इचारलं. प्रियाच्या आईचा एकच फोटो हाय, कुणाच्या तरी लग्नातला, त्याच्यात ती अर्धी दुसऱ्या बाईच्या मागं. लुगडी वाटून टाकली, रीतच हाय. मी संध्याकाळी दुर्बिणीचं झाकण काढतो आन वरच्या तोंडातनं खाली बघतो. लोक हिच्यातनं आभाळ बघतात, मी बुडाला बघतो. मुलाम्यावर बोटं दिसतात. तीच नेमकी पुसायची, आन तिच्याच सांगण्यावरनं. म्हणून म्हणलं, जरा मांडीवर असू द्या.

काय म्हणलात?

पुन्हा सांगा. मला ह्या कानानं कमी येतं. — दिसत न्हाई? काय दिसत न्हाई?

थांबा थांबा. आरशावरचा डाग चंद्रावर दिसत न्हाई. असं कसं? आपल्या घरातल्या आरशावर डाग पडला तर तोंडावर दिसतो की. — ह्याचं येगळं हाय? आरशाचा बारक्यातला बारका तुकडा बी अख्खाच चंद्र दाखवतो. अर्धा आरसा झाकला तरी चंद्र अर्धा होत न्हाई, नुसता मंद होतो. नळीच्या तोंडावर हात आडवा धरला तरी हात दिसत न्हाई? — मंग एवढी दोन बोटं —

मग ते काय होतं? आमी दोघांनी बघितलं ते. — चंद्रावरच हाय. लाव्हाचे माळ. ते कडेला एकटं, लांबट गोल — त्याला नाव बी हाय. मुंबईच्या मोठ्या दुर्बिणीतून बघितलं तरी तेच दिसतं. परदेशातल्या माणसाला बी तेच. सगळ्यांना तेच दिसतं.

तिची बोटं न्हवतीच.

प्रियाला ठाऊक असंल हे. न्हाई का? असणारच, तुमच्या थोरल्या सरांनी तिला पहिल्याच दिशी सांगितलं असंल, राहू दे डाग, काही बिघडत न्हाई. म्हणून हसत आली दिवाळीला. आन आईला काहून सांगितलं न्हाई? — काय सांगणार. झालं गेलं, कशाला पुन्हा तो विषय काढा, आईच्या जिवाला लागंल, असंच म्हणली असंल ती मनात. तिला काय ठाऊक, आई गोठ्यात काहून बसते. आईनं सांगितलं न्हाई पोरीला लागंल म्हणून. मी सांगितलं न्हाई शपथ होती म्हणून. एवढ्या घरात तीन माणसं, सर. एकानं तोंड उघडलं असतं तर ती अंगणात येऊन उभी राहिली असती. मोठ्या ऐटीत राहिली असती. पोरीची आई म्हणून.

न्हाई, खोकं बंद करा तुमचं. रिकामंच न्या. आरसा न्हाई देत. — कळलं, मुलामा जुना झालाय, आणखी काही वरसांनी चढवावा लागंल. मी गेल्यावर चढवा. मी हाय तवर नातीला मंद दिसंल तर दिसू द्या. ती इचारंल, आजोबा, हे काळं काय हाय. सांगीन, माळ हायेत म्हणून.

आन प्रियाला ह्यातलं एक अक्षर कळू देऊ नका. हात जोडतो. आईनं बघितलंच न्हाई, एवढंच दुःख हाय तिला. तेवढंच राहू द्या. हे कळलं तर ती दुर्बिणीला पुन्हा डोळा लावायची न्हाई.

उठा आता. न्हाई, मला काही झालं न्हाई. जा तुमी, सर. कवाड लोटून घ्या.